ज्या पाण्याला वाट नाही

ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात वर्षाकाठी सात-आठ इंच पाऊस पडतो. आपल्या माणदेशात याच्या दुपटीहून जास्त पडतो, आणि तरी त्या मुलखाला आपण पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी म्हणत आलो. अशा वाळवंटात परसदारी साठ-सत्तर हजार लिटरचा पोहण्याचा तलाव बांधावा, याला काय म्हणायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. उद्दामपणा म्हणावं, तर २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस तिथला पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. त्या काहिलीत कुणी गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन बसलं तर त्याला बोल लावायला जीभ रेटत नाही. माझ्या पुतण्याच्या घरामागे असा तलाव आहे. शेजाऱ्याच्या मागे आहे, त्याच्या शेजाऱ्याच्याही मागे आहे.

जुलैत तिथे वादळी पावसाचा हंगाम सुरू होतो. पाऊस कमी, धूळच जास्त. क्षितिजावर मातकट भिंत उठते, घटकाभरात शहर गिळते आणि निघून जाते. मागे प्रत्येक तलावात रानातली, शेतातली, बांधकामांवरची माती पडलेली असते. तिच्याबरोबर खतांतला फॉस्फेट येतो आणि डोळ्यांना न दिसणारे शेवाळाचे कण येतात. पाणी तर आधीच कोमट. अशा एका वादळानंतर पुतण्याच्या तलावाच्या तळाची जाळी दिसेनाशी झाली. तलाव हिरवा झाला.

आठवड्याला येणारा पूलवाला आला. त्याने कागदी पट्टी बुडवली, क्लोरीन भरपूर आहे असा निर्वाळा दिला, तरंगत्या डब्यात आणखी चार गोळ्या टाकल्या, शेवाळनाशकाची बाटली ओतली आणि गेला. पाणी जरासं उजळलं आणि पुन्हा हिरवं झालं. हे असं वारंवार झालं. पुतण्या वैतागून म्हणाला, “काका, क्लोरीन आहे म्हणतो, शेवाळही आहे. दोघं एकत्र नांदतात कशी?”

हा प्रश्न मला त्या तलावापेक्षा खोल वाटला.

एक तर या भांडणातले दोन्ही पक्ष माणसाला एकाच वर्षी भेटले. १७७४ साली स्वीडनमध्ये कार्ल शील या औषधविक्रेत्याने मँगनीजच्या काळ्या खनिजावर म्युरिॲटिक आम्ल घातलं आणि पिवळसर हिरवा, नाकाला झोंबणारा वायू मिळवला. तो क्लोरीन. अमेरिकेत तलाववाले पाण्याचा सामू उतरवायला आजही तेच आम्ल, त्याच जुन्या नावाने, दुकानातून कॅनमध्ये आणतात. त्याच १७७४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात जोसेफ प्रीस्टलीने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगाने ऊन एकवटून प्राणवायू मिळवला. (शीलला तो त्याच्याही आधी मिळाला होता, पुस्तक छापून यायला १७७७ उजाडलं आणि श्रेय वाटलं गेलं. छापखान्याच्या दिरंगाईने इतिहास किती बदलला असेल, हा वेगळ्या निबंधाचा विषय.) पुढे काही वर्षांनी प्रीस्टलीच्या पाण्याच्या भांड्यांना आतून एक हिरवा थर धरू लागला आणि त्यातून शुद्ध हवेचे बुडबुडे सुटताना दिसले. हा थर वनस्पती आहे की आणखी काही, याबद्दल तो बराच काळ घुटमळला. १७७९ साली यान इंगेनहाउसने दाखवून दिलं की हिरव्या वनस्पतींतून हे बुडबुडे फक्त उजेडात निघतात, अंधारात नाही. प्रीस्टलीचा तो हिरवा थर म्हणजे शेवाळ. पुतण्याच्या तलावाच्या भिंतीवर हात फिरवला की बोटांना बुळबुळीत लागतं, तेच.

त्याला कचरा म्हणताना निदान एवढं लक्षात ठेवावं की आपण श्वासात घेतो तो प्राणवायू मुळात अशाच एका सूक्ष्म हिरव्या कुळाचं उत्सर्जन आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी नीलहरित जीवाणूंनी तो वातावरणात सोडायला सुरुवात केली, तेव्हा त्या काळच्या कित्येक जिवांना तो विषासारखा होता. काम त्यांचं वेगळंच होतं, उन्हातून अन्न करण्याचं. प्राणवायू मागे उरला. उरलेल्या गोष्टीने पृथ्वी बदलली.

मागे काय उरतं, हाच धागा धरून मी तलावाकडे पाहू लागलो.

क्लोरीन पाण्यात पडला की त्याची दोन रूपं होतात. एक हायपोक्लोरस आम्ल, मारेकरी म्हणावं असं. दुसरं त्याचंच विद्युतभारित, बरंचसं निरुपद्रवी भावंड. सामू साडेसातच्या आसपास असेल तर दोघं निम्मी-निम्मी असतात. सामू चढला की मारेकरी कमी होतो. म्हणून आधी आम्ल घालायचं. दुसरी अडचण उन्हाची. फिनिक्सच्या उन्हात उघडा क्लोरीन तासाभरात निम्म्याहून खाली येतो. सकाळी घातला तर दुपारी उरत नाही. यावर रसायनशास्त्राने जो तोडगा काढला तो सायनुरिक आम्लाचा. तीन कार्बन आणि तीन नायट्रोजन यांचं हे कडं क्लोरीनला स्वतःशी बांधून घेतं, म्हणजे तो उन्हाला सापडत नाही, आणि मग गरजेप्रमाणे थोडा थोडा सोडत राहतं. उपाय नामी आहे. लिटरमागे तीस-चाळीस मिलिग्रॅम असेल तोवर त्याच्याइतकी कामाची वस्तू नाही.

पण तलावात टाकतात त्या पांढऱ्या, तळहाताएवढ्या गोळ्या मुळात या कड्याच्याच असतात, प्रत्येक कड्याला तीन क्लोरीन अडकवलेल्या. गोळी विरघळते, क्लोरीन आपलं काम करून संपतो. कडं संपत नाही. दहा भाग क्लोरीन पोचवताना गोळी सहा भाग सायनुरिक आम्ल पाण्यात सोडून जाते. ते उन्हाने उडत नाही, गाळणीत अडकत नाही, लवकर कुजत नाही. आठवड्यामागून आठवडे, उन्हाळ्यामागून उन्हाळे ते साचत जातं, आणि जितकं साचतं तितका क्लोरीन अधिकाधिक त्याच्याच कह्यात राहतो. पट्टीला तो दिसतो, कारण पट्टीचं रसायन त्याला सोडवून घेतं. शेवाळाला तो भेटतच नाही. दोघं एकत्र नांदतात ती अशी.

हे मोजण्याची रीत मला फार आवडली. तलावाच्या पाण्यात मेलामाइनचा द्राव मिसळायचा. सायनुरिक आम्ल असेल तितकं ते पाणी दुधाळतं. मग ते एका अरुंद नळीत हळूहळू ओतायचं. नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो. वरून पाहत राहायचं; ज्या क्षणी ठिपका दिसेनासा होतो तिथली रेघ वाचायची. आम्ल कमी असेल तर नळी जवळजवळ भरावी लागते. पुतण्याचं पाणी शंभराच्या रेघेपर्यंत पोचायच्या कितीतरी आधीच ठिपका गडप झाला. निम्मं नळाचं पाणी मिसळून पुन्हा केलं आणि दुप्पट केलं, तेव्हा आकडा दीडशेच्या घरात आला.

मला लहानपणचा माजघरातला रांजण आठवला. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गढूळ यायचं. आजी निवळीची बी रांजणाच्या आतल्या अंगाला उगाळायची. रात्रभरात गाळ तळाशी बसायचा आणि वर पाणी नितळ व्हायचं. निवळी ही काही नुसती आजीबाईंची गोष्ट नव्हे. संस्कृतात तिला कतक म्हणतात आणि तिने शास्त्रकारांना दृष्टान्त पुरवले आहेत. मनुस्मृतीत एके ठिकाणी असं सांगितलंय की कतकाचं फळ पाणी शुद्ध करतं खरं, पण त्याचं नुसतं नाव घेतल्याने पाणी शुद्ध होत नाही. (तलावाच्या दुकानातल्या फडताळावर ज्या नावांच्या बाटल्या मांडलेल्या असतात, त्या पाहून मनूची फार आठवण येते.) शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘आत्मबोधा’त तर हा दृष्टान्त आणखी पुढे जातो. ज्ञान अज्ञानाचा मळ काढतं आणि मग स्वतःही नाहीसं होतं, जशी निवळीची पूड गाळाबरोबर तळाशी जाते. औषध शिल्लक राहिलं तर तोही एक मळच, ही जाण ज्या कुणा पाणी भरणाऱ्याच्या नजरेतून तत्त्वज्ञाच्या लेखणीत उतरली असेल, त्याला मी थोर रसायनशास्त्रज्ञ मानतो.

अर्थात दृष्टान्त ताणू नये. निवळी स्वतःहून कुठेच जात नाही, रांजणाच्या तळाशी साक्यात बसून राहते. आपण वरचं पाणी काढून घेतो आणि साका अंगणात ओततो, म्हणून ती गेलीशी वाटते. तिला वाट आपण काढून दिलेली असते. तुरटीचंही तसंच: तिचे ढगळ पुंजके गाळाला घेऊन बसतात, पण तिच्यातलं सल्फेट पाण्यातच राहतं, हंड्याचं पाणी पिऊन संपतं म्हणून त्याची गणती कुणी करत नाही. आमच्या गावच्या विहिरीत ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएलची, म्हणजे क्लोरीनचीच, पावडर बादलीत कालवून ओतायचा. दोन दिवस पाण्याला वास यायचा आणि मग जायचा. विहिरीला झरे होते, दिवसभर पोहरे पडत होते, पाणी बदलत होतं. साताऱ्याजवळ लिंबला अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर आहे. बारा मोटा एका वेळी चालाव्यात अशी तिची बांधणी. एवढा उपसा असलेल्या पाण्यात काय टाकलं आणि काय उरलं, याचा हिशेब कोण ठेवणार?

परसातल्या तलावाला झरा नाही आणि वाटही नाही. फिनिक्समध्ये वर्षाला सुमारे सहा फूट पाणी नुसतं उन्हाने उडून जातं, म्हणजे उथळ बाजूच्या खोलीहूनही जास्त. ऊन फक्त निव्वळ पाणी नेतं. चुना, मीठ, सायनुरिक आम्ल, तांबं, सगळं मागे ठेवतं. कमी झालेलं पाणी नळाने भरायचं, म्हणजे नळातल्या क्षारांची नवी भर.

याच घडणीचं एक सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणार. बेसाल्टच्या पठारावर आकाशातून आलेल्या आघाताने पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर. धारेचं गोडं पाणी आत येतं, पावसाचं येतं, बाहेर जायला कुठूनच वाट नाही. हजारो वर्षं पाणी उडत गेलं आणि क्षार राहिले. पाणी इतकं अल्कधर्मी झालं की सामू दहाच्या आसपास. तरी ते निर्जीव नाही. स्पायरुलिनाच्या जातीच्या नीलहरित जीवाणूंनी ते वर्षानुवर्षं हिरवं राहिलं आहे. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झालं तेव्हा वर्तमानपत्रांत शापापासून उल्केपर्यंत सगळ्या चर्चा झाल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं आणि कारण मिठाच्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत सापडलं. पाणी घटून क्षार वाढले, तसे त्यांचे दिवस आले. क्षार वाढले की सजीव संपत नाहीत, पाळी बदलते एवढंच. बंद पाण्यात काय साचलंय यावर रंग ठरतो. पुतण्याला मी म्हटलं, “अरे, तू घरामागे छोटं लोणार बांधलंयस.” त्याला ते फारसं आवडलं नाही.

पूलवाल्याने ओतलेल्या त्या बाटलीत तांबं होतं. तांब्याची कथा जुनी. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली याला आढळलं की पाण्यात तांब्याचा केवळ लेशमात्र अंश असला तरी स्पायरोगायरा हे तंतुमय शेवाळ मरतं. त्याचा तो लेख त्याच्या मृत्यूनंतर, १८९३ साली छापला गेला. तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवणाऱ्या आपल्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. १९०४ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले मूर आणि केलरमन यांनी शहरांच्या जलाशयांतलं शेवाळ मोरचुदाने मारायची रीत मांडली आणि ती देशभर पसरली. मोरचूद नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागाईतदाराला नवा नाही; चुन्याबरोबर त्याचं बोर्डो मिश्रण करून तो वेलींवर फवारतो. गुण येतो, यात वाद नाही. पण पानावर पडलेलं तांबं पावसाने धुऊन मातीत जातं आणि तलावातलं तलावातच राहतं. पुढे ते गिलाव्यावर निळे-काळे डाग धरतं, आणि पिंगट केसांच्या पोरांचे केस हिरवट होतात तेही त्यानेच. बोल मात्र क्लोरीनला लागतो.

मोठमोठ्या जाणत्यांचीही इथे फसगत झाली आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ दि जानेरोच्या ऑलिंपिकमध्ये उंचावरून उड्या मारायचा तलाव एका दिवसात निळ्याचा हिरवा झाला. जगभरचे कॅमेरे लावलेले, आणि पाणी पालकाच्या रंगाचं. दुसऱ्या दिवशी शेजारचा वॉटरपोलोचा तलावही त्याच वाटेने गेला. आधी ऊन आणि पडलेला वारा यांना दोष दिला गेला. मग उलगडा झाला: ५ ऑगस्टला कुणीतरी पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. पेरॉक्साइड हे एरवी उत्तम जंतुनाशक, क्लोरीनही उत्तम. एकत्र आले की एकमेकांना संपवतात आणि मीठ, पाणी व प्राणवायू एवढंच उरतं. पहारा उठला आणि हिरवं आलं. शेवटी तालबद्ध जलतरणासाठी मोठ्या तलावातलं सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून टाकून शेजारच्या सराव-तलावातून चांगलं पाणी भरलं गेलं. इतकी प्रयोगशाळा, इतके तज्ज्ञ, आणि अखेरचा उपाय उपसा.

तोच उपाय मोहेंजोदडोच्या बांधकामात आधीपासून धरलेला दिसतो. तिथलं महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, २.४ मीटर खोल. विटा घट्ट बसवलेल्या, मागे डांबराचा थर, शेजारच्या खोलीत भरायला विहीर. आणि एका कोपऱ्याला मोरी. तिच्यापुढे माणूस चालून जाईल एवढं, कमानीसारख्या छताचं भुयारी गटार. पुस्तकांत त्या हौदाच्या पवित्रतेवर पानंच्या पानं असतात. मला त्या गटाराचा आकार जास्त बोलका वाटतो. बांधणाऱ्याला ठाऊक होतं की हे पाणी कधी ना कधी सगळं सोडावं लागणार आहे.

“पण काका, इथे पाणी गटारात सोडायचं म्हणजे जिवावर येतं हो,” पुतण्या म्हणाला. त्याचं म्हणणं खरं होतं. तिथलं बरंचसं पाणी कोलोरॅडो नदीतून ५४० किलोमीटरच्या कालव्याने, डोंगर चढवून आणलेलं. २०२१ साली त्या नदीवर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली. अर्धा तलाव उपसायचा म्हणजे आपल्याकडचे तीन टँकर. ज्याने गावात टँकरमागे धावणारी कळशी पाहिली आहे, त्याच्या हाताने मोटरचं बटण सहज दाबलं जात नाही. न उपसायचं तर मात्र दीडशे सायनुरिक आम्लाला पुरून उरेल इतका क्लोरीन घालायला हवा. अनुभवी तलाववाल्यांचा आडाखा असा की शेवाळ मारताना क्लोरीन सायनुरिक आम्लाच्या ४० टक्के तरी लागतो, दीडशेला ६०. तेवढा रोज राखणं म्हणजे नोकरी सोडून तलावाला वाहून घेणं.

तसंच हिरवं ठेवायलाही तिथे मुभा नाही, आणि त्याला कारण आहे. २००७ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये घरकर्जाचे हप्ते थकल्याच्या नोटिसांत ३०० टक्के वाढ झाली. लोक घरं टाकून गेले, पंप बंद पडले, मागचे तलाव हिरवे झाले आणि त्यांत डास वाढले. त्या वर्षी तिथे वेस्ट नाईल विषाणूच्या तापाचे रुग्ण २७६ टक्क्यांनी वाढले. हवाई छायाचित्रांत कुठलं घर ओस पडलंय ते पाण्याच्या रंगावरून ओळखू येत होतं. बँकांच्या ताळेबंदाआधी शेवाळाने मंदी नोंदवली असं म्हटलं तरी चालेल. त्या तलावांत डास खाणारे गँबुशिया मासे सोडले गेले आणि ते तिथे मजेत जगले. आपल्याकडे हेच काम गँबुशिया आणि गप्पी करतात. गप्पी माशांच्या घोषणा ग्रामपंचायतीच्या भिंतींवर वाचतच आम्ही शाळेत गेलो. हिरवं पाणी घाण असेल, पण मेलेलं नसतं. मेलेलं असतं ते निळं. तलावाची निळाई म्हणजे त्यात काहीही जगत नसल्याची खूण, आणि त्यातच आपण पोरांना निर्धास्त सोडतो.

तर उपसा ठरला. पुरा नाही, भर उन्हाळ्यात तलाव कोरडा पाडला तर गिलावा तडकतो. अर्धा. तिथे हे पाणी रस्त्यावर सोडता येत नाही, घराच्या सांडपाण्याच्या नळाला जोडावं लागतं. पुतण्याच्या मनाला टोचत होतं म्हणून ते पुढे कुठे जातं ते आम्ही शोधलं, तर आणखी एक गंमत निघाली. फिनिक्स परिसराच्या सांडपाण्याचा मोठा वाटा शुद्ध करून वाळवंटातल्या पालो वेर्दे अणुवीज केंद्राला जातो आणि तिथल्या यंत्रांना थंड करत उडून जातो. उरलेलं खारट पाणी नदीत सोडत नाहीत. ते पसरट तळ्यांत उन्हात वाळवतात. पुन्हा वाट नसलेलं पाणीच. मीठ गेलं ते एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात.

पुढचं काम कष्टाचं होतं, कठीण नव्हतं. पंप दिवसरात्र चालू. सामू उतरवलेला. गोळ्या बंद, त्याऐवजी पिवळसर द्रव क्लोरीन, जो काम झाल्यावर नुसतं मीठ मागे ठेवतो. (मीठही साचतंच, पण ते बराच काळ कुणाला आडवं येत नाही.) संध्याकाळी ऊन उतरल्यावर तो ओतायचा आणि लांब दांडीच्या ब्रशने भिंती, पायऱ्या, शिडीमागचे कोपरे, दिव्याच्या मागची खाच घासायची. ब्रश चुकवू नये. शेवाळाचा थर स्वतःभोवती चिकट आवरण विणतो, त्याच्या आत क्लोरीन पोचायच्या आधीच खर्ची पडतो. घासल्याने ते आवरण फाटतं. हिरवं पाणी आधी राखाडी झालं, मग निळसर दुधी. हा दुधीपणा पाहून माणसं घाबरतात, पण ती मेलेल्या शेवाळाची गर्दी असते. मारणं क्लोरीनचं काम, बाहेर काढणं गाळणीचं.

आणि गाळणीत काय होतं? डायटमची माती. डायटम हे स्वतःच एक सूक्ष्म शेवाळ. त्याची कवचं काचेच्या द्रव्याची, नक्षीदार, भोकाभोकांची. लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या डायटमांचे पांढरे थर खणून काढतात, दळतात, गाळणीच्या कापडावर त्यांचा लेप बसवतात आणि त्यातून आजचं शेवाळ गाळतात. नोबेलने १८६७ मध्ये नायट्रोग्लिसरीन ह्याच मातीत जिरवून डायनामाइट केला. पूर्वजांच्या हाडांच्या चाळणीतून वंशजांना गाळायचं, आणि चाळणी तुंबली की उलटं पाणी मारून दोघांनाही गटारात घालवायचं. यावर कुणी उपनिषद लिहिलं नाही याचं मला नवल वाटतं.

काम संपलं हे कसं ओळखायचं? पाणी स्वच्छ दिसणं पुरेसं नाही, डोळा लवकर समाधानी होतो. जाणकारांची कसोटी रात्रीची आहे. अंधार पडल्यावर क्लोरीन मोजायचा, आणि पहाटे ऊन यायच्या आधी पुन्हा. दिवसा क्लोरीन घटतो त्यात ऊन किती आणि शेवाळ किती हे सांगता येत नाही. रात्री ऊन नसतं, तेव्हा जो घटला तो पाण्यातल्या काहीतरी सेंद्रियाने खाल्ला. लिटरमागे एका मिलिग्रॅमहून कमी घटला तर पाणी खरंच निवळलं. हे मोजताना पाण्याच्या नमुन्यात द्रव थेंबाथेंबाने घालत त्याला आलेला गुलाबी रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे असतात. पहाटेच्या टॉर्चच्या उजेडात पुतण्या तोंडाने थेंब मोजायचा आणि मी वहीत मांडायचो. कितीतरी पहाटा तो आकडा खाली यायला तयार नव्हता, पाणी तर आरशासारखं. तळाशी दिव्याच्या खाचेत, काचेच्या मागे, हिरवं जगत होतं. दिव्याचे स्क्रू काढून तिथे ब्रश घातला, तेव्हा आकडा पडला.

आता गॅरेजच्या भिंतीवर एक तक्ता लागला आहे. क्लोरीन, सामू, सायनुरिक आम्ल, चुना, मीठ असे रकाने. उपसून भरल्यावरही सायनुरिक आम्ल सत्तरच्या पुढे राहिलं होतं. हिवाळ्यात आणखी थोडं पाणी बदलायचं ठरलंय. गोळ्यांची उरलेली बादली पुतण्याने टाकलेली नाही. भारतात येतो तेव्हा तेवढे आठवडे त्याच वापरणार म्हणतो, आणि माझी त्याला ना नाही. साठा मोजून ठेवला तर गोळी वाईट नाही. चुन्याचा रकाना मात्र चढतच जाणार, नळाचं पाणीच तिथे जड आहे. हिवाळ्यात उपसलेलं पाणी गटारात घालवण्यापेक्षा झाडांना घालावं असं त्याच्या मनात आहे. आधी क्लोरीन पूर्ण उतरू द्यायचा. हिरवळीला चालेल, तिथल्या परसातलं गवत म्हणजे आपली हरळीच, खारं पाणी ती सोसते. कुंपणाच्या कण्हेरीलाही चालेल. लिंबाच्या बुंध्याशी मात्र घालू नकोस, असं मी फोनवर सांगितलं. त्याची पानं कडेने करपतात.